मनोऱ्यात वाळत घातलेली चव

शहरात कुठेही आग लागली तर विझवायला ते फायर स्टेशन होतं, पण मेव्हण्याच्या डोक्यात रोज लागणारी आग विझवायला त्या स्टेशनात एकही माणूस नव्हता. उलट सगळे मिळून फुंकर घालायचे.

मेव्हणा हे काही त्याचं नाव नव्हे. आईबापांनी त्याला चांगलं धड नाव ठेवलं होतं. पण त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्याच स्टेशनात बंब चालवायचा, आणि बंबाचा ड्रायव्हर म्हणजे स्टेशनातला राजा. राजाचा मेव्हणा तो सगळ्यांचा मेव्हणा झाला. साहेबसुद्धा हाक मारायचे ती "ओ मेव्हणे!" अशीच. आणि तो ड्रायव्हरला दाजी म्हणायचा, म्हणून झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे ड्रायव्हरला दाजी म्हणायचे. एका लग्नाने अख्खं स्टेशन सोयरं करून टाकलं होतं.

तर हा मेव्हणा बंबावर जायचा, आणि बंब जागेवर असेल तेव्हा मेस सांभाळायचा. एकदा तो कांदे चिरत असताना ताईचा फोन आला.

"जेवलास?" ताईने विचारलं.

मेव्हण्याने सुरी खाली ठेवली. ताईने 'जेवलास' पासून सुरुवात केली की पुढे काहीतरी दांडगं येणार, हे तो लहानपणापासून शिकला होता.

"काय झालं ते सांग."

"हे डॉक्टरांकडे गेले होते. प्रेशर किती निघालं विचार."

"किती?"

"डॉक्टरांनी मशीन बिघडलंय म्हणून दुसरं आणवलं, इतकं. त्यातही तेवढंच! आता वर्षाची तपासणी आलीय तोंडावर. तोवर खाली आलं नाही तर यांना बंबावरून उतरवणार आणि फोनच्या टेबलावर बसवणार."

मेव्हण्याला दाजी फोनच्या टेबलावर बसलेले दिसेनात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत गियर टाकणारा माणूस तो. तरुणपणापासून बंबाशिवाय दुसरं काही चालवलं नाही. घरच्या स्कूटरवर बसले तरी लोक बाजूला का होत नाहीत म्हणून चिडायचे.

"टेबलावर बसायला ते नाही म्हणाले तर?" मेव्हण्याने विचारलं.

"तर घरी बसतील. माझ्या घरी. दिवसभर. तुला कळतंय का मी काय सांगतेय?"

"कळतंय ताई."

"मी घरात मीठ चिमटीने घालते. तरी प्रेशर चढतंच आहे. मग ते चढतं कुठे?" ताई गप्प झाली. तिला उत्तर माहीत असलं की ती अशी गप्प व्हायची. मग म्हणाली, "तुझ्या मेसमध्ये. आता बघ काय करायचं ते. माझा नवरा, पण तुझा पाहुणा आहे तो."

आणि तिने फोन ठेवला. म्हणजे जबाबदारी ठेवली, फोन नुसता निमित्ताला.

आता त्या मेसची रीत सांगितली पाहिजे. सूप चुलीवर चढवावं, भाज्या अजून कचकच वाजत असाव्यात, आणि घंटा व्हावी. की गॅस बंद, सगळे धावत बंबावर. परत यायचे ते नाकात काजळी, पोटात कावळे. तोवर पातेल्यातलं पाणी थंड, भाज्या तशाच कच्च्या. पुन्हा शिजवत बसायला धीर कुणाला? मग फळीवरची पिवळी पुडी काढायची, टोक फाडायचं, आत ओतायची, ढवळायचं. झालं सूप! पुडीने उकळत्या पाण्याचंसुद्धा जेवण व्हायचं. भाजी कोणती ते कळायचं नाही, पण बोटं चाटायचे सगळे. पुड्या खोक्यांनी यायच्या.

मेव्हण्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. साहेबांचा चष्मा मागून घ्यावा लागला. आधी मीठ. मग चव वाढवणारं ते दुसरं मीठ. मग साखर, मग रंग, मग कसलंसं तेल. आणि सगळ्यात शेवटी, नवरीच्या मागे लपलेल्या धाकट्या बहिणीसारखं लाजत उभं असलेलं, 'भाज्यांची पूड'.

"हे आपण गिळत होतो?" मेव्हणा ओरडला.

"आवडीने," साहेब म्हणाले. "चष्मा द्या."

त्याच दिवशी पिवळं खोकं मेसमधून हाललं. संध्याकाळी दाजींनी चमचा तोंडात घातला, काढला, उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"सूप, दाजी."

"प्यायचंय की हात धुवायचेत?"

मिशीवाला समोरच बसला होता. स्टेशनातला हा सगळ्यात धिप्पाड गडी. दार फोडायचं काम त्याच्याकडे, आणि जीभही तशीच. "असंच सूप माझ्या सासूबाई करतात," तो म्हणाला. "म्हणून तर मी दिवाळखोर असल्यासारखा तोंड चुकवत फिरतो तिकडून."

"बरं आहे तब्येतीला," मेव्हणा म्हणाला.

"तब्येतीला बरं ते औषध," दाजी म्हणाले. "जेवणात जान लागते. यात जान नाही."

हा 'जान' शब्द मेव्हण्याच्या कपाळाला चिकटला तो पुढचे कित्येक दिवस सुटला नाही.

तो हट्टाला पेटला. जान काय एका कारखान्यातच होते की काय? पुडीत भाज्यांची पूड असते, तर आपण पूडच करू, तीही बिनमिठाची. कांदा आणि लसूण तव्यावर परतून परतून लालबुंद केले, जरा जास्तच केले, मिक्सरला लावले आणि सूपमध्ये ढवळले. मिशीवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले, विचार केला.

"ओळखीची चव आहे," तो म्हणाला. "परवाचं गोदाम."

"कोणतं? रद्दीचं?" दाजींनी चाखून बघितलं. "छे, छे. रद्दी इतकी कडू नसते. हे फर्निचरचं दुकान."

सगळी पंगत हसून गडबडा लोळली. मेव्हण्याने पातेलं मोरीत ओतलं आणि स्वतः पाव खाल्ला.

पुढे काय झालं, तर चुलीमागची भिंत घासताना त्याला एक काळपट, चामट, सुरकुतलेली वस्तू सापडली. कधीतरी उडून पडलेला मशरूमचा काप, तिथल्या उबेला वाळून गेलेला. टाकायला गेला आणि वास आला. असा वास की तो जागीच थांबला. चांगल्या घरच्या रश्शाचा, तासन् तास मुरलेला. आता कुणी शहाणा माणूस चुलीमागे सापडलेली वस्तू तोंडात घालणार नाही, पण मेव्हणा तेव्हा शहाणपणाच्या पलीकडे गेला होता. त्याने घातली आणि चघळत बसला. मीठ कणभर नाही, तरी तोंड भरून चव!

दुसऱ्या दिवसापासून भाजीवालीकडून मशरूम आणि दबलेले टोमॅटो यायला लागले. ते वाळवायचे कुठे? गच्चीवर टाकले तर कबुतरांनी मेजवानी केली. खिडकीत ठेवले तर धूळ. मग मेव्हण्याची नजर मनोऱ्यावर गेली.

फायर स्टेशनाच्या मागच्या अंगणात एक उंच, अरुंद, आतून पोकळ मनोरा असतो. आग विझवून आणलेले ओले पाइप कप्पीने वर ओढून त्यात टांगतात. खालून वारा शिरतो, वरच्या झरोक्यांतून बाहेर पडतो, पाइप खडखडीत वाळतात. कबुतरं नाहीत, धूळ नाही, चोर नाही. मेव्हण्याने मशरूम आणि टोमॅटोच्या चकत्या दोरीत ओवल्या, कप्पीला बांधल्या आणि सर्रकन वर चढवल्या.

"लग्न कुणाचं आहे?" मिशीवाल्याने माळांकडे बघून विचारलं.

साहेबही आले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "मेव्हणे, उद्या वरचे लोक तपासायला आले तर मी काय सांगू? पाइपांना फळं धरलीत?"

"साहेब, दाजींच्या प्रेशरसाठी आहे."

दाजींच्या नावापुढे साहेबांचंही चालायचं नाही. फक्त म्हणाले, "पिकली की सांगा."

पहिली खेप वाया गेली. एका गोदामाची आग विझवून आले आणि दाजींनी चिखलाचे पाइप सरळ वर चढवले, माळांच्या बरोबर डोक्यावर. रात्रभर गटाराचं पाणी टोमॅटोंवर ठिबकलं.

"दाजी, बघायचं तरी!"

"मनोरा पाइपांचा आहे, मेव्हण्या. टोमॅटो पाहुणे. पाहुण्यांनी सांभाळून राहावं."

दुसरी खेप मेव्हण्याने पलीकडच्या भिंतीला टांगली आणि डोळ्यांत तेल घालून राखली. मशरूम वाळून पापडासारखे मोडायला लागले, टोमॅटो चामड्यासारखे झाले. त्यात बेतशीर परतलेला कांदा, लसूण, भाजलेले तीळ, थोडी मिरी, लिंबाची वाळवलेली साल. सगळं मिक्सरला लावलं. बरणीत मातकट रंगाची पूड उतरली आणि मेसभर असा घमघमाट सुटला की मिशीवाला कारण नसताना आत येऊन उभा राहिला.

सूप केलं. सगळे प्यायले. कुणी काही बोललं नाही, म्हणजे बरं झालं होतं. दाजींनी वाटी बाजूला सारली.

"वास आहे," ते म्हणाले. "जान नाही."

मेव्हण्याने दात असे आवळले की कानाजवळ कट्ट वाजलं.

त्यात भर म्हणजे चोरटा माल सापडायला लागला. दाजींच्या हातमोज्यात पिवळी पुडी. मलमपट्टीच्या पेटीत, कापसाच्या खाली, पिवळी पुडी. एकदा हेल्मेटचं अस्तर फुगलेलं दिसलं म्हणून उचकटलं, तर आत ओळीने बसलेल्या.

"डोक्यावर सूप घेऊन आगीत शिरता, दाजी?"

"पोटात तू जाऊ देत नाहीस, मग डोक्यावर नको?"

"ताईला सांगीन हं."

"तुझ्या ताईला मी घाबरतो असं वाटतं तुला?" दाजी म्हणाले, आणि मागे वळून दाराकडे बघितलं.

आणि मग एक दिवस चमत्कार झाला. सूप चढलं होतं, घंटा झाली, सगळे पळाले. परत आल्यावर मेव्हण्याने पातेलं पुन्हा गरम करून वाढलं, आणि मिशीवाला पहिल्या घोटालाच म्हणाला, "अरे वा!" दुसऱ्याने पाव बुडवून वाटी पुसून काढली. दाजींनी तर चमचा सोडून वाटी तोंडाला लावली. "मेव्हण्या, आज जमलं. आज जान आहे."

मेव्हणा फुगला. दुसऱ्या घंटेच्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. त्याला वाटलं, थंड होऊन मुरल्यावर पूड खुलते. त्याने हे शास्त्र मिशीवाल्याला समजावून सांगितलं, साहेबांना सांगितलं, भाजीवालीलाही सोडलं नाही. ताईला फोन लावला.

"ताई, तुझा भाऊ साधासुधा माणूस नाही. दाजी बिनमिठाचं सूप मागून मागून पितात."

"माझे हे?" ताई म्हणाली. "तुझा फोन चुकीच्या घरी लागलाय."

"अगं, आत्ताच आम्ही..." म्हणता म्हणता मेव्हण्याने उरलेल्या सूपचा चमचा तोंडात घातला आणि दाताखाली काहीतरी आलं. बाहेर काढलं. पिवळ्या चकचकीत कागदाचा तिरपा तुकडा, आणि त्यावर छापलेलं होतं: 'इथे फाडा'.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"काही नाही," मेव्हणा म्हणाला. "करतो नंतर."

दाजी अंगणात बंबाची काच पुसत होते. मेव्हण्याने तो तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला. दाजींनी तो शांतपणे बघितला.

"टोक नेहमी खिशात टाकतो मी," ते म्हणाले. "घाईत पडलं वाटतं."

"कधी घालता तुम्ही? कधी? मी तिथेच असतो!"

"घंटा झाली की तू बूट शोधतोस. ड्रायव्हर बूट घालूनच असतो. बंबाकडे जायची वाट मेसच्या दारावरून जाते. हात लांब केला की पातेलं." मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "रागावतोस काय? तुझीच अब्रू राखली. नाहीतर त्या चुलीमागच्या मशरूमला कुणी विचारलं असतं?"

मेव्हण्याने त्यांना दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत दाबून बसवलं आणि मलमपट्टीच्या पेटीतलं प्रेशरचं मशीन लावलं. पट्टा फुगला, आकडा आला. मागून डोकावणारा मिशीवाला गमतीने काहीतरी बोलणार होता. आकडा बघितला आणि दाजींसाठी पाण्याचा पेला आणायला गेला.

"मशीन जुनं आहे," दाजी म्हणाले.

तपासणी तोंडावर आलेली. मेव्हण्याला आता राग कुणाचा करावा तेच कळेना. दाजींचा, पुडीचा, का स्वतःचा. भांडी घासताना विचार, पाइप गुंडाळताना विचार. जान म्हणजे नक्की काय पाहिजे या माणसाला? आणि मग त्याला वाटलं, सापडलं! हे सगळे जेवायला बसतात ते आगीतून आल्यावर, नाकात धूर घेऊन. धुराच्या वर चढेल अशीच चव त्यांना लागते. मग मशरूमलाच धूर देऊ!

दुपारी अंगणात कुणी नव्हतं. त्याने जुना लोखंडी डबा घेतला, तळाशी लाकडाचा भुसा पेटवून विझवला, नुसता धुमसत ठेवला. वर जाळी, जाळीवर मशरूम आणि कांद्याच्या चकत्या. आणि वारा लागून भुसा भडकू नये, म्हणून डबा आडोशाला ठेवला. आडोसा म्हणजे मनोऱ्याच्या आत, तळाशी.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचं आयुष्य आगी विझवण्यात गेलं त्याला खालून वर पोकळ असलेला उंच मनोरा म्हणजे आयतं धुराडं, हे कळू नये? कळतं हो. दुसऱ्याच्या घरी लगेच कळतं.

मेव्हणा आत जाऊन बटाटे सोलत बसला आणि घंटा झाली.

कंट्रोल रूमवरून निरोप: मागच्या गल्लीत उंच इमारतीच्या माथ्यावरून दाट धूर. सगळे धावले. मेव्हण्याने आज बूट आधीच घातले होते, मेसच्या दारात पातेल्याकडे पाठ करून उभा राहिला आणि दाजी पुढून गेल्यावरच निघाला. बंब पुढच्या फाटकातून भोंगा वाजवत सुटला. मोठ्या रस्त्यावर वाहतूक एकाच बाजूने, त्यामुळे मागच्या गल्लीत जायचं तर बाजाराला पूर्ण वळसा. मेव्हणा दाजींच्या शेजारी बसला होता.

बाजाराच्या वळणावर दाजींनी डोळ्यांवर पाणी उडाल्यासारखी मान झटकली. बंब सरळ फुटपाथवर चढला. रोपवाल्याच्या कुंड्या फुटत गेल्या, रोपवाला उडी मारून दुकानात, मागचे सगळे एकमेकांच्या अंगावर. दाजींनी स्टीअरिंगचं चाक खेचलं, बंब धाडकन खाली उतरला आणि पुढे निघाला. दाजींच्या चालवण्यात असं कधी झालं नव्हतं. कधीच.

"दाजी?"

"गप बस."

गल्लीत गर्दी जमली होती. सगळ्यांचे हात वर. बंबावरच्यांनी खाली उतरून वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मनोरा ओळखीचा वाटतो," मिशीवाला म्हणाला.

आपल्याच स्टेशनच्या मागच्या फाटकाशी येऊन उभे होते सगळे. झरोक्यांतून धुराचे लोट निघत होते आणि कांद्याचा खरपूस वास गल्लीभर दरवळत होता. समोरच्या शिंपीणबाई टेप गळ्यात घालून पुढे आल्या. फोन त्यांनीच केला होता.

"बघत काय उभे राहिलात?" त्या कडाडल्या. "तुमचंच घर जळतंय! स्वतःच्या घरीसुद्धा इतक्या उशिरा येता?"

साहेबांनी नुसतं मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा फाटकावरून चढून आत गेला, डब्यावर झाकण दाबलं. धूर थांबला. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेवढंच राहिलं होतं.

वायरलेसवर कंट्रोलने विचारलं, "परिस्थिती काय?"

"आटोक्यात," साहेब म्हणाले.

"आगीचं कारण?"

साहेबांनी डोळे मिटले. "स्वयंपाक."

मेव्हणा शिव्या खायची तयारी करून बाहेर आला. रोपवाल्याचे पैसे, साहेबांचा मेमो, मिशीवाल्याची जीभ, सगळ्याची त्याने मनात रांग लावली होती. पण दाजी बंबातून उतरलेच नव्हते. चाक दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"दाजी, उतरा. संपलं."

"मेव्हण्या," दाजी हळू म्हणाले. "मगाशी वळणावर मला रस्ते दोन दिसले रे."

मेव्हणा बंबाच्या पायरीवर चढला. "मग?"

"मग काय? मी मधला धरला."

दाजींनी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "मागे सगळी पोरं बसलेली आपली. रोपवाला बाहेर उभा असता तर..." त्यांनी चाकावरून हात पुसल्यासारखा फिरवला. "कुणाला बोलू नकोस. तपासणीपर्यंत सांभाळून चालवीन."

इतके दिवस मेव्हणा चिडत होता, ओरडत होता, हात आपटत होता. आता त्याचा आवाज चढेना. "साहेबांना तुम्ही सांगता," त्याने विचारलं, "का ताईला मी सांगू?"

दाजींनी त्याच्याकडे असं बघितलं की बघवेना.

"तुझ्या ताईला नको," ते म्हणाले. उतरले, विजारीवर हात झटकले आणि साहेबांकडे चालत गेले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला मात्र सगळ्यांनी बघितला. मागच्या गल्लीतून बंब मिशीवाल्याने आत आणला. दाजी पायी आले.

मेसमध्ये कुणी कुणाची खेचत नव्हतं. मेव्हण्याला ती शांतता टोमण्यांपेक्षा जड गेली. हाताला काम म्हणून त्याने धुरावलेले मशरूम चुरडले, सूपमध्ये टाकले, वाढलं. दाजींच्या पुड्या बंबात होत्या, बसायच्या जागेच्या खाली, हे त्याला माहीत होतं. दाजी उठले नाहीत. त्यांनी चमचा घेतला. एक घोट, दुसरा घोट.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"आहेच कमी."

"हं." वाटी रिकामी झाली. दाजींनी ती पुढे सरकवली. "वाढ आणखी."

तपासणीपर्यंत ते फोनच्या टेबलावर बसले. त्या दिवसांचं वर्णन न केलेलं बरं. कुणी घाबऱ्याघुबऱ्या फोन करायचं आणि दाजी ओरडायचे, "रडू नका, पत्ता सांगा, डावीकडून येऊ की उजवीकडून?" घंटा झाली की बंबापर्यंत धावायचे, दार उघडून धरायचे, आणि बंब गेला की फाटकात उभे राहून कान देऊन ऐकायचे, गियर कसा पडतोय. मग आत येऊन मेव्हण्याचं सूप प्यायचे. रोज म्हणायचे मीठ कमी आहे. रोज संपवायचे. डॉक्टरांची गोळीसुद्धा घ्यायला लागले, जी आधी खिडकीतल्या कुंडीला मिळायची.

तपासणीच्या दिवशी मेव्हणा दवाखान्याच्या बाकावर ताईशेजारी बसला होता. दार उघडलं, दाजी बाहेर आले आणि तोंड इतकं कडू केलं की ताईने पदर तोंडाला लावला.

"चालवा म्हणाले," दाजी म्हणाले. "पण दर थोड्या दिवसांनी येऊन दाखवायचं. पोरासारखं!"

"मेल्या, मग हे तोंड कसलं?" ताई म्हणाली. ही शिवी नवऱ्याला की भावाला, ते कळलं नाही, पण मारलं तिने दोघांनाही.

आता मेव्हण्याला वाटलं, सुटलो. इथेच तो फसला.

कारण दाजींना साक्षात्कार झाला होता. दवाखान्यातल्या रांगेत त्यांनी शेजारच्याला पूड कशी करायची ते सांगितलं, आणि 'आमचा मेव्हणा करतो' असं नव्हे, 'मी करतो' असं. रोपवाल्याला भरपाईबरोबर एक बरणी दिली. शिंपीणबाईंना दिली. मिशीवाल्याच्या सासूबाईंकडे पोचली, आणि आता मिशीवाल्याला तिकडे जेवायला जावं लागतं म्हणून तोही मेव्हण्यावरच चिडलेला. साहेबांनी मनोऱ्याची एक भिंत रीतसर माळांना देऊन टाकली. वाळवायचं कुणी? मेव्हण्याने. दळायचं? मेव्हण्याने. आणि चुका काढायला दाजी. "चकत्या जाड झाल्या." "कांदा घाईत परतलास." "तुला त्यातलं कळत नाही, मेव्हण्या, यात जान आणायची तर धीर लागतो." घरी ताईला सांगतात, कल्पना माझी, हात त्याचे.

परवा घंटा झाली. कापसाच्या गोदामाला आग. बंब भोंगा वाजवत मोठ्या रस्त्याला लागला, दाजी चाकावर, रस्ता एकच आणि लख्ख. मेव्हणा शेजारी बसून हेल्मेटचा पट्टा आवळत होता. लोक बाजूला होत होते, बस फुटपाथला चिकटत होत्या. आणि तेवढ्यात दाजींनी मान वळवून भोंग्याच्या वर आवाज चढवला.

"सकाळचे टोमॅटो उलटलेस का?"

"दाजी, समोर बघा!"

"उलटले नाहीस ना? वाटलंच मला. एका अंगाने वाळले की—"

"समोर बघा हो दाजी, समोर!"